गाठोड्यातला नवरा

बिदाबनच्या घशात अख्खं गाव वस्तीला आहे, असं तळ्याकाठचे म्हातारे म्हणायचे. तिचा स्वतःचा आवाज साधाच, थोडा घोगरा, कायम सर्दी झाल्यासारखा. पण कुणी तिच्यासमोर दोन वाक्यं बोलून वळलं, की त्याची पाठ दिसायच्या आत तिने त्याचा आवाज उचललेला असायचा.

दुकानदार गोरा होता आणि गावाची बोली पायाने तुडवत बोलायचा. "तू मी कातडं दे, मी तू पीठ देतो. पीठ चांगला. किडा लहान." पाद्री यायचा पायघोळ काळा झगा घालून, आणि नेमका डासांच्या दिवसांत यायचा. "लेकरांऽनो, देव वरून..." फट्! "...सगळं बघतोऽ..." फट्! बिदाबनने हे केलं की बाप्तिस्मा घेतलेलेसुद्धा पोट धरून लोळायचे. नोदिनआजोबा गावातले सगळ्यांत जुने. ते दोन शब्दांच्या मध्ये चिलमीचा एक झुरका घ्यायचे. ती तो झुरका इतका वेळ धरून ठेवायची, की बघणाऱ्यांना ठसका लागायचा.

आणि गागुन्स. गागुन्स म्हणजे साळिंदराचं पिल्लू. हे नाव कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नव्हतं, का ठेवलं ते मात्र सगळ्यांना कळायचं. ती साळिंदराचे काटे रंगवून कातड्यावर अशी फुलं भरायची, की दूरदूरच्या बायका बघायला यायच्या. भरण्याआधी काटे मऊ करायला तोंडात धरावे लागतात. "धरून धरून काही आतच राहिले," असं तिचाच चुलतभाऊ वाबूझ म्हणायचा. गागुन्सची बोलायची रीत ठरलेली होती. "मी काही बोलत नाही. मला काय करायचंय?" एवढं म्हणून ती जी सुरू व्हायची, ती चुलीवरचं पाणी आटेपर्यंत.

गागुन्सचा धाकटा भाऊ झाबादीस. आई गेली तेव्हा तो रांगत होता. गागुन्सने त्याला माशाच्या कढणावर जगवला, पाठीला बांधून लाकडं आणली, आणि स्वतःच्या लग्नाची वेळ निघून गेली ती तिला पुन्हा सापडली नाही. झाबादीसचा पुढचा दात अर्धा तुटलेला, त्यामुळे त्याच्या बोलण्यातून बारीक शीळ यायची. बोलण्याआधी तो नाकातून हसायचा, "ह्ह," म्हणून, जणू सांगायची गोष्ट त्याने स्वतःला आधीच सांगून घेतली आहे.

एका मेजवानीत बिदाबनने त्यालाच करून दाखवलं. शीळ, ह्ह, सगळं. लोक झाबादीसच्या तोंडाकडे बघायला लागले.

"ह्ह. इतका वाईट आवाज आहे माझा?" तो म्हणाला. "मग ऐकतेस कशाला?"

"सवय करून घेतेय," बिदाबन म्हणाली. त्याच्याच आवाजात.

त्याच वर्षी पानं गळायच्या सुमारास लग्न झालं. गागुन्स म्हणाली, "मी काही बोलत नाही. पण जी नवऱ्याचा आवाज काढते, ती उद्या त्याचं आणखी काय काय काढेल, ते बघायला मी आहेच इथे."

बघायला फार काही मिळालं नाही. तिसऱ्या वसंतात झाबादीस लाकूडकंपनीच्या कामाला गेला. बर्फ वितळून नदी फुगली की ओंडके पाण्यातून खाली हाकत न्यायचे, असं ते काम. एका वळणावर ओंडक्यांचा ढीग अडकला आणि तो सोडवायला झाबादीस वर चढला. ढीग सुटला. झाबादीस सुटला नाही. तो सापडला तेव्हा काठावर नवं गवत आलं होतं.

मेलेल्याला पश्चिमेची वाट चालावी लागते, आणि त्या वाटेवर त्याला उजेड हवा, म्हणून थडग्यापाशी चार रात्री विस्तव ठेवायचा. तो ठेवला. पण वाटसरू निघून किती दिवस झाले होते ते कुणी मोठ्याने म्हणालं नाही. गागुन्स विस्तवाकडे बघत एवढंच पुटपुटली, "अंधारात गेला असेल माझा."

मग तिने त्याच्या केसांची कापून ठेवलेली बट भूर्जाच्या सालीत गुंडाळली, त्याच्या चांगल्या सदऱ्यात घातली, वरून लाल बनातीचा तुकडा घट्ट बांधला, आणि ते गाठोडं बिदाबनच्या हातात दिलं.

"हा घे तुझा नवरा."

रीत जुनी होती आणि सगळ्यांना पाठ होती. वर्षभर ती जिथे, तिथे गाठोडं. जेवताना त्याच्यापुढे वाढायचं, निजताना कुशीत घ्यायचं. केस विंचरायचे नाहीत, नवं अंगावर घालायचं नाही, नाचात जायचं नाही, दात दिसतील असं हसायचं नाही. हातून जे शिवून-विणून होईल ते गाठोड्यावर चढवत जायचं. वर्ष सरलं की नवऱ्याच्या माणसांनी यायचं, चारचौघांत तिचं तोंड धुवायचं, केस विंचरायचे, नवा पोशाख घालायचा, गालांना लाल रंग लावायचा आणि गाठोडं मागून घ्यायचं. ते उसवून त्यातल्या वस्तू वाटून टाकायच्या. मग ती मोकळी. जिने आपल्या मनाने गाठोडं खाली ठेवलं, तिला गावात कुणी विस्तवाशी बसू देत नाही.

आणि झाबादीसची माणसं म्हणजे एक गागुन्स. वाबूझ होता, पण तो चुलत. शिवाय बिदाबनकडे बघताना त्याची नजर कुठे अडकते ते गावाला कळत होतं. त्याने तिला सोडवलं असतं, तर लोकांनी वर्षभर तेच चघळलं असतं.

पहिल्या उन्हाळ्यात निळ्या बेरी पिकल्या. दुःखातल्या माणसाने हंगामाचं पहिलं फळ आपल्या हाताने तोडायचं नाही, झुडपं वांझ होतात. कुणीतरी भरवावं लागतं. तीनदा मान फिरवायची, चौथ्यांदा तोंड उघडायचं. चमचा गागुन्सच्या हातात होता. चौथ्या वेळी तो असा आत आला, की दातावर वाजला.

"गोड आहे?"

"आहे, ताई."

"माझ्या भावाला नाही मिळालं."

बिदाबनने मान खाली घातली. ती वर्षभर खालीच ठेवायची, असं तिने ठरवलं होतं. तिच्या घशातलं गाव गप्प झालं. दुकानदार आला, गेला. तिने ऐकलंच नाही. पाद्री आला, त्याला एका वाक्यात एवढे डास चावले की एरवी तिला हिवाळाभर पुरले असते. तिने गाठोडं छातीशी धरून जमिनीकडे पाहिलं. म्हाताऱ्या बायका एकमेकींना म्हणाल्या, "पोर नेटाने निभावतेय."

हिवाळ्यात, वर्ष संपायला थोडं उरलेलं असताना, ते झालं.

बर्फाला भोकं पाडून खालून जाळी ओढायचं काम चाललं होतं. बिदाबन गाठोडं पाठीला बांधून दोरी धरून होती. समोर वाबूझ. आता दीर आणि भावजय समोरासमोर आले की थट्टा व्हायलाच हवी, आणि तीही सोवळी नाही, हाही नेमच. थट्टेला उत्तर न देणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार आपटणं. वाबूझ इतके महिने दमाने राहिला होता. पण वाबूझ या नावाचा अर्थच ससा. फार वेळ एका जागी बसला की त्याचे पाय शिवशिवतात.

"वहिनी," तो म्हणाला, "माझ्या भावाला सांग ना, जरा सरकून झोप म्हणावं. थंडी फार आहे. तिघं मावतील."

बायकांनी ओठ चावले. बिदाबन गप्प.

"बघा! वहिनी मला माणसात धरत नाही."

गप्प.

"की मीच मेलोय, आणि मला कुणी सांगितलं नाही?"

आता सगळ्यांनी जाळं ओढायचं थांबवलं होतं. तिसऱ्यांदाही उत्तर नाही म्हणजे सरळ अपमान. बिदाबनने तोंड उघडलं ते काहीतरी साधं बोलायला. पण बाहेर आला तो दुकानदार.

"तू मी मासा दे, मी तू घोंगडी देतो. घोंगडी चांगला. भोक मोठा."

तळ्यावर हास्याचा असा स्फोट झाला की लांबच्या काठावरची कुत्री भुंकायला लागली. एक म्हातारी बर्फावर बसलीच. वाबूझ गुडघे धरून वाकला. आणि बिदाबन हसली. किती महिन्यांचं साठलेलं होतं, ते दात दाखवत, डोळ्यांतून पाणी काढत हसली, आणि पाठीवरचं गाठोडं तिच्या हसण्याबरोबर हलत राहिलं.

गागुन्सने हातातली दोरी सोडली.

"मी काही बोलत नाही," ती म्हणाली, आणि हसू जागच्या जागी गोठलं. "मला काय करायचंय? माझा भाऊ तिच्या पाठीवर आहे, आणि ही त्याच्यादेखत दुसऱ्याला घोंगडी विकतेय. चालू दे बाजार. मी फक्त एवढंच म्हणते, वर्ष आजपासून मोजा."

लोक नोदिनआजोबांकडे बघायला लागले. आजोबांनी झुरका घेतला. "थट्टेला उत्तर देणं..." झुरका. "...हाही नेमच आहे." झुरका. लोक थांबले. "पण सोडवायचं..." झुरका. "...गागुन्सच्या हातात आहे."

बिदाबनला त्या क्षणीही त्यांचा झुरका घशात जाणवला. तिने तो गिळला.

दुसरं वर्ष सुरू झालं. या वर्षात बिदाबनला एक गोष्ट कळली, ती कळली नसती तर बरं होतं. संध्याकाळी काम आटपलं की गागुन्स तिच्या खोपटीत येऊन बसायची. बिदाबनकडे बघायचीसुद्धा नाही. गाठोड्यासमोर बसायची. तिथे तिचा आवाज वेगळा असायचा, काटे काढून ठेवल्यासारखा.

"डोक्याकडचा भाग ठेवलाय बरं का तुला. तुला आवडतो. काटा बघून खा. आज वारा फार होता. गुडघा दुखतोय माझा, तू चोळून द्यायचास तसं कुणी देत नाही..."

बिदाबन कोपऱ्यात बसून ऐकायची. एके संध्याकाळी ऐकता ऐकता तिच्या हातातली सुई थांबली. हिला राग आलेलाच नाही, तिच्या लक्षात आलं. त्या दिवशीच्या हसण्याचंही हिला काही नाही. गाठोडं सुटलं की उसवणार, वाटणार. मग हिने बसायचं कुणासमोर? हिला आपल्याला सोडवायचंच नाही.

वर्ष सरलं तशी कारणं निघायला लागली. "पोशाख भरून व्हायचाय. काटे कमी पडले." मग, "लाल रंग नीट बसला नाही, उसवून पुन्हा भरते." मग, "साळिंदरंच दिसत नाहीत यंदा, मी काय करू? मी काही बोलत नाही, पण घाई कुणाला आहे ते मला दिसतंय."

घाई होतीच. वाबूझने एकदा पाणवठ्यावर तिला गाठलं. "वहिनी, ताईने सोडलं की तू माझ्या विस्तवाशी ये. मी पुढच्या बर्फापर्यंत थांबतो. त्याच्या पुढचं सांगता येत नाही. ससा आहे मी, ऋतू बदलला की रंग बदलतो." त्याने हे हसत म्हटलं. पण नंतर तो हसायचं थांबला आणि तिच्या न विंचरलेल्या केसांकडे बघत राहिला. बिदाबनला लाज वाटली. केसांत जटा झाल्या होत्या.

मेपलच्या झाडांचा गोड रस आटवून साखर करायचे दिवस आले. सगळं गाव साखरेच्या रानात, उकळत्या कढयांभोवती. दिवस कलताना गागुन्स खोपटीत आली. बिदाबन भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून घोंगडी ओढून पडली होती. गागुन्सने गाठोड्यासमोर साखरेचा खडा ठेवला.

"घे. पहिल्या कढईतला आहे."

घोंगडीखाली बिदाबनने डोळे मिटले. घशात खोल कुठेतरी तुटका दात होता, तो सापडला.

"ह्ह. अक्का."

गागुन्सचा श्वास थांबला.

"अक्का, मला सोड आता. वाट लांब आहे गं. तू धरून ठेवलंस, मी जाऊ कसा?"

बाहेर कुणीतरी लाकडं फोडत होतं. मग जमिनीवर काही सरपटल्यासारखा आवाज आला. गागुन्स गुडघ्यांवर येऊन गाठोड्याला कवटाळत होती. तिच्या तोंडून शब्द नाही, नुसतं हुंकारणं निघत होतं, जनावराचं निघतं तसं. घोंगडीखाली बिदाबनला एकाच वेळी किळस आली आणि आशा वाटली. झालं, तिला वाटलं. उद्या माझे केस विंचरतील.

सकाळी गागुन्सने सगळ्यांना कढयांपाशी बोलावलं. डोळे सुजलेले, पण ताठ उभी.

"माझा भाऊ बोलला," ती म्हणाली. "काल. त्याच्या तोंडाने, त्याच्या शिळेने. ऐकताय ना? तो अजून इथेच आहे. मी म्हणत नव्हते अंधारात गेला म्हणून? त्याला वाट मिळाली नाही. वाट विचारत होता माझा, वाट!"

"त्याने सोड म्हटलं ना, ताई?" बिदाबन न राहवून म्हणाली.

"तुला कसं ठाऊक? तू तर झोपली होतीस."



लोक नोदिनआजोबांकडे वळले. आजोबांनी चिलीम भरली, तंबाखूची एक चिमूट विस्तवात टाकली, आणि या वेळी झुरका न घेता बोलले. तेव्हाच सगळ्यांना कळलं की गोष्ट गंभीर आहे. "जो बोलतोय त्याला पोचवायचं कसं? गाठोडं उसवलं तर तो राहील कुठे? गावभर हिंडेल. तो आपणहून गप्प होईपर्यंत गाठोड्याला हात लावायचा नाही."

"मी होते!" बिदाबन ओरडली. "अहो, तो नव्हता, मी होते! मी काढला आवाज!"

एका म्हातारीने मायेने म्हटलं, "पोरी, घाबरू नकोस. होतं असं."

"घाबरत नाहीये मी! थांबा, दाखवते." आणि तिने सुरुवात केली. दुकानदार केला, "किडा लहान." दोघंतिघं हसले. पाद्री केला, फट् फट्, आणखी हसले. आजोबांचा झुरका केला, आजोबांच्याही मिशीखाली हललं. गागुन्सला गागुन्सच्या तोंडावर केलं, "मी काही बोलत नाही, मला काय करायचंय," आणि तेव्हा तर हशा कढयांवरून पलीकडे गेला. लोक खुशीत आले. किती दिवसांनी! बिदाबनला वाटलं, कळलं यांना, आता कळलं. आणि शेवटी तिने तो केला.

"ह्ह. अक्का, मीच आहे बघ."

हसू तुटलं. एका बाईने आपलं पोर उचलून मागे नेलं. विस्तवापाशी पडलेलं कुत्रं उठलं, बिदाबनकडे बघून शेपूट पायात घालून कण्हलं. ते झाबादीसचंच कुत्रं होतं.

"ओठ तिचे," मघाची म्हातारी हळूच म्हणाली, "आवाज त्याचा."

जरा चुकली असती तर वाचली असती. शीळ थोडी जाड आली असती, ह्ह थोडं लांबलं असतं, तर लोक म्हणाले असते, छे, ही तर बिदाबन. पण तिला वाईट नक्कल येतच नव्हती. तिने पुन्हा केला, आणखी हुबेहूब, रडत रडत केला. आणि प्रत्येक वेळी लोक एक पाऊल मागे सरकले.

वाबूझ तिला दुसऱ्या दिवशी भेटला. मधे चांगलं दोन माणसांचं अंतर ठेवून उभा राहिला.

"वहिनी, खरं सांग. त्याने... माझ्याबद्दल काही म्हटलं?"

"अरे मीच बोलत होते रे, वाबूझ! मी! तुला तरी कळायला नको?"

"हो. हो, तूच," तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता तिच्या पाठीवरच्या गाठोड्याकडे बघत मागे मागे गेला. जाताना त्याने थट्टा केली नाही. तिथेच तिला कळलं. बर्फ पडायच्या आत तो लाकूडकंपनीच्या वस्तीवर निघून गेला आणि तिकडे त्याने एका स्वैपाकिणीशी घर मांडलं.

त्यानंतर बिदाबनने तोंडच मिटलं. तो गप्प झाला की सुटका, असं आजोबा म्हणाले होते ना. मग त्याला गप्प ठेवायला तिने स्वतःला गप्प केलं. 'हो', 'नाही', 'आणते', एवढंच. नोदिनआजोबा वारले, त्यांच्यासाठी रडतानासुद्धा तिने आवाज येऊ दिला नाही. पण गागुन्स दर हंगामाला सांगायची, "काल पुटपुटला. मला ऐकू आलं." कोण खोटं पाडणार? दरवर्षी पहिल्या बेरीचा चमचा येत राहिला, दातावर वाजत राहिला, आणि गाठोड्यावर इतकं शिवून चढवून झालं की ते तान्ह्या मुलाएवढं होतं ते चालत्या मुलाएवढं झालं.

मग गागुन्सला खोकला लागला. खोकल्यातून रक्त आलं. बिदाबनच तिचं करायची. दुसरं होतं कोण? एके दुपारी गागुन्सने तिचं मनगट धरलं.

"मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

बिदाबनने कढणाचा वाडगा खाली ठेवला.

"तो मला कधी 'सोड' म्हणाला नसता. त्याने आयुष्यात काही मागितलं नाही, मागायच्या आधी मीच द्यायची. तू मागायला लावलंस त्याला. तेवढं चुकलं तुझं." ती खोकली. "बाकी तोच होता."

"मग का?" बिदाबनच्या तोंडून इतक्या वर्षांनी पूर्ण वाक्य निघालं. "ताई, माझे केस बघा. माझं वय बघा. का?"

"तू सुटलीस की आवाज घेऊन जाणार. माझ्याकडे काय, केसांची बट?" गागुन्सचे डोळे तापाने चकाकत होते. "एकदा काढ. एकदाच. मग सोडवते तुला, शपथ."

"आधी सोडवा. चार माणसांदेखत. मग काढते."

"नक्की?"

"नक्की."

दुसऱ्या सकाळी माणसं जमली. गागुन्सला धरून बसवलं. तिने भूर्जाच्या पेटीतून पोशाख काढायला सांगितला, आणि बिदाबनने तो उलगडला. खांद्यांपासून खालपर्यंत काट्यांची फुलं; एकही अर्धं नाही. घड्यांच्या रेषांवर कातडं पिवळं पडलं होतं, घडी मोडताना चिरत होतं. पोशाख पहिल्याच वर्षी भरून झाला होता. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

गागुन्सने ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसलं. केसांत फणी शिरेना. दोघी बायका मदतीला लागल्या, जटा कापाव्या लागल्या. पोशाख चढला, छातीशी सैल, बिदाबन तोवर वाळली होती. गालांना लाल रंग लागला. मग गागुन्सने हात पुढे केले, बिदाबनने गाठोडं दिलं, आणि तिची पाठ इतकी हलकी झाली की तोल जाऊन तिने खांब धरला.

गागुन्सने गाठोडं मांडीवर घेतलं. वर पाहिलं.

"आता," ती म्हणाली.

सगळे बघत होते. आवाज होता. घशाच्या तोंडाशी येऊन थांबला होता, तुटक्या दातासकट, नाकातल्या हसण्यासकट. नुसतं तोंड उघडायची खोटी. बिदाबनने त्या म्हातारीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, भुकेल्या पिल्लासारखा वर केलेला, वाट बघणारा. मांडीवरच्या लाल गाठोड्याकडे पाहिलं. मग ती स्वतःच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली,

"येते, ताई."

आणि बाहेर पडली.

"अगं ए!" मागून आलं. "कबूल केलं होतंस! बिदाबन! शब्द दिला होता तिने, ऐका रे, आवाज काढते म्हणाली होती! एकदाच गं! ए पोरी!" मग खोकला. बिदाबन चालत राहिली. पायवाटेवर तिला कुणीतरी रडत असल्यासारखं वाटलं. थांबून पाहिलं तर तीच होती. पण ती मागे वळली नाही.

गागुन्स त्याच आठवड्यात गेली. शेवटपर्यंत गाठोड्याला कान लावून होती म्हणे. मेल्यावर तिची बोटं बनातीतून सुटेनात, म्हणून ते न उसवता तिच्याबरोबरच पुरलं.

आणि तेव्हा गावाला पटलं. बिदाबन कढयांपाशी रडून रडून सांगत होती तेव्हा जे पटलं नव्हतं, ते गागुन्सच्या एका ओरडण्याने पटलं: आवाज तिचाच होता. म्हणजे हिने मेलेल्याची सोंगं काढली, आणि मरणारीला शब्द देऊन फसवलं. विस्तवापाशी जागा कुणी नाकारली नाही. ती मोकळी बाई होती, रीतसर मोकळी. फक्त ती येऊन बसली की बोलणारे हळूहळू उठायचे. आपलं बोलणं हिच्या घशात जाऊ नये, असं कुणाला वाटत होतं, की नुसतीच शिसारी होती, हे तिला कधी समजलं नाही. तिने विचारलंही नाही.

त्या शरदात तळ्यातला रानभात पिकला. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा, कुणी न भरवता, तिला आपल्या हाताने भात झोडता येणार होता. केस वेणीत घालून, देवदाराच्या दोन काठ्या घासून गुळगुळीत करून ती काठावर गेली. भाताला होडीत दोघं लागतात. एकाने मागे उभं राहून बांबूएवढ्या लांब काठीने होडी रेटायची, दुसऱ्याने बसून कणसं वाकवून झोडायची. होड्या एकेक करून निघत होत्या. तिने तिघांना विचारलं. एकाची बायको आधीच बसली होती. दुसऱ्याचं कोण तरी यायचं होतं. तिसऱ्याने ऐकलंच नाही.

सगळ्या होड्या गेल्यावर ती एकटीच निघाली. उभं राहून रेटायचं, काठी आडवी ठेवायची, बसायचं, हाताला येतील तेवढी कणसं झोडायची, पुन्हा उठायचं. वारा होडी फिरवायचा आणि अर्धा भात पाण्यात पडायचा. गवताच्या पलीकडून लोकांचं हसणं, हाका, काठ्यांचे ठोके येत होते. दुपारी ती काठावर आली तेव्हा तिच्या होडीच्या तळाला जेमतेम ओंजळभर भात होता. तिने तो पोशाखाच्या ओटीत घेतला. काट्यांच्या फुलांवर कुसळं अडकली, ती एकेक करून काढत बसली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकटीच गेली. पुढे बरीच वर्षं जगली ती. एकटीच जात राहिली.